पहिला बफर कोणता? निळ्या बलेनोवरच्या कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

गाडी २०१७ची बलेनो, रंग निळा. सावलीत बरी दिसते. सकाळचं तिरपं ऊन बॉनेटवर आलं की मात्र सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल चऱ्यांचं जाळं उमटतं. कारण शोधायला लांब जायला नको. सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एका बादलीत आणि एका फडक्यावर अख्खी रांग उरकतात. सिंहगड रोडवरच्या बांधकामांची धूळ त्या फडक्यात बसते आणि रोज थोडी थोडी रंगावर घासली जाते. वर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके आहेतच.

दोन ठिकाणी भाव विचारले. एकाने नुसत्या रबिंग-पॉलिशचे ७,५०० सांगितले, दुसऱ्याने सिरॅमिक कोटिंगसकट २२,०००. दुसऱ्याच्या दुकानात एक काळी गाडी बाहेर काढत होते. तिच्या दारावर उन्हात लांबलचक पट्टे दिसले. तिथेच ठरवलं की पॉलिश करायचं मशीन, म्हणजे बफर, घ्यायचं आणि आपणच करायचं. नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. त्यामुळे मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भीती नाही, पण पॉलिशर हातात कधी धरलेला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर मशिनांची माहितीपत्रकं चाळली. प्रकार तीन. रोटरी एकाच आसाभोवती फिरतं, साधारण मिनिटाला ६०० ते ३००० फेरे. डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन, फिरता फिरता डोलतंही. त्याची प्लेट, म्हणजे पॅड चिकटवायची तबकडी, बेअरिंगवर मोकळी असते, त्यामुळे जास्त दाबलं, तिरकं धरलं किंवा कडेवर गेलं की फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. तिसरा प्रकार गिअरवर सक्तीने फिरणाऱ्या डीएचा, जर्मनीच्या फ्लेक्सचं एक्ससी ३४०१ त्यातलंच. ते दाबलं तरी थांबत नाही, पण नवख्याच्या हातातून एका बाजूला ओढ घेतं.

कंपनीत लागलेला रंग सगळे थर मिळून शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, चाळीस-पन्नासचा. आपल्याला त्यातलेच एक-दोन मायक्रॉन काढून चऱ्यांच्या कडा सपाट करायच्या आहेत. म्हणजे पहिल्या मशीनमध्ये ताकदीपेक्षा, चुकलं तर थांबण्याचा गुण जास्त हवा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात वॉट छापलेले असतात. मोकळ्या डीएमध्ये जादा वॉट असून उपयोग काय? जोर लावला की प्लेट थांबतेच. बघायचे ते आकडे दोन: ऑर्बिट, म्हणजे डोलण्याचा घेर, किती मिलिमीटर आणि प्लेट केवढी. दोन्ही कोपऱ्यात बारीक छापलेले सापडतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

गाडीवर हात साफ करायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडून अपघातात वाकलेलं काळं बॉनेट ५०० रुपयांत आणलं. मुद्दाम काळं, कारण पांढऱ्यावर चरे झालेलेही कळत नाहीत आणि गेलेलेही. मागचा भाग सपाट होता, पुढे एक धारदार उभार. सरावाला याहून चांगलं काही मिळणार नाही.

काकांनीच त्यांचं रोटरी आणि लोकरीचं पॅड लावून दिलं. “ताई, दाबू नका, मशीनचं वजन पुरे. आणि कड आली की निम्मं पॅड हवेत ठेवा.” त्यांच्या हातात ते मशीन लोण्यासारखं सरकत होतं. माझ्या हातात आल्यावर पहिल्या मिनिटात ते उजवीकडे पळालं. उभारावरून दुसऱ्यांदा जाताना वास आला, उचलून पाहिलं तर रंगाखालचा राखाडी प्रायमर रुपयाएवढा वर आलेला. सपाट भागावर चमक झकास आली, पण मोबाइलच्या टॉर्चमध्ये तेच लांब पट्टे, त्या काळ्या गाडीच्या दारावर होते तसे. याला होलोग्राम म्हणतात. पॅड सगळीकडे एकाच दिशेने घासतं आणि त्या खुणा मागे राहतात.

काकांकडे एक पॅनेल नव्याने रंगवायचे ४,००० लागतात. रोटरी स्वस्त मिळतं, पण एक कड गेली तर वाचलेले पैसे तिथेच जातात. पहिलं मशीन म्हणून रोटरी बाद.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन फुकटचे सल्ले तपासून खोडले. पहिला: घरातल्या ग्राइंडरला फोम पॅडचा ॲडॅप्टर लावायचा. चार इंची ग्राइंडर ११,००० फेऱ्यांनी फिरतो. रोटरीने प्रायमर काढायला जो वेळ घेतला, त्याच्या चौथाईत हा काढेल. दुसरा: सुताराचा रँडम ऑर्बिट सँडर, डोलतोही आणि फिरतोही. तो शेजाऱ्यांकडून आणून बॉनेटवर चालवला. ऑर्बिट जेमतेम अडीच मिलिमीटर. सगळी हालचाल फोमनेच गिळली, रंगापर्यंत काही पोचलंच नाही. नुकसान शून्य, फायदाही शून्य. वॅक्स पसरायला चालेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

न्यू जर्सीहून भाऊ आला, त्याच्या बॅगेत त्याचं जुनं डीए मशीन, पोर्टर-केबल ७४२४एक्सपी, होतं. तिकडे नवखे लोक बरीच वर्षं हेच घेत आले. आठ मिलिमीटर ऑर्बिट, मिनिटाला २५०० ते ६८०० डोल. फुकट मिळालं म्हणून मी खूश.

मग पाटी वाचली: १२० व्होल्ट, ४.५ अँपिअर. थेट आपल्या २३० व्होल्टवर लावलं असतं तर मोटरचा धूर झाला असता. साधारण ५४० वॉट होतात, म्हणून जुन्या बाजारातून एक किलोव्होल्ट-अँपिअरचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर २,४०० ला आणला. उचलताना मनगट वाकतं. तिकडे ६० हर्ट्झ आणि इकडे ५०, त्याची चिंता नको. ब्रशवाल्या मोटरला त्याने फरक पडत नाही.

भावाच्या मशीनची प्लेट फाटलेली होती, म्हणून इथेच मिळणारी पाच इंची मागवली होती. तिचा स्टड दोन आटे आत गेला आणि घट्ट झाला. पाना लावला असता तर तो गेलाही असता, आतले आटे सोलत. पिच गेज लावून पाहिला: प्लेट एम८ची, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर. मशीनमधला आटा ५/१६ इंच, इंचाला २४ आटे, म्हणजे पिच १.०६. व्यास ८ आणि ७.९४. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात आणि सुरुवातीला बसतातही. अमेरिकेहून मशीन मागवणाऱ्यांनी प्लेट तिकडूनच मागवावी. इथल्या बहुतेक प्लेटा एम८च्या असतात. ९०० रुपये अडकले. ही प्लेट पुढे दुसऱ्या मशीनला चालेल म्हणून ठेवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

योग्य प्लेट गुरुवारी मिळाली. आज आठ मिलिमीटरची खरी चाचणी.

आधी प्लेटच्या कडेवर मार्करने जाड रेघ मारली. ही युक्ती प्रत्येकाने करावी. मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय, जागच्या जागी थरथरत राहिली तर काम बंद पडलंय. आवाजावरून हे कळत नाही.

सपाट भागावर फिरलं. किंचित दाबलं की थांबलं. जाड पॅडखाली तर हात ठेवल्या ठेवल्या थांबत होतं, पातळ पॅड लावल्यावर सुधारलं. हलके चरे गेले, पण फुटभर चौकोनाला एवढा वेळ की अख्ख्या गाडीचा विचारच नको. चांगलं एवढंच की उभारावर मुद्दाम तिरकं धरून बराच वेळ ठेवलं, पॅड गप्प थांबलं आणि रंग जागेवर राहिला. शेजारीच रोटरीने केलेला राखाडी डाग. दोघांतला फरक तिथे एकाच नजरेत दिसतो.

अमेरिकेत राहत असाल तर यावर भागेल. इथे ट्रान्सफॉर्मर पार्किंगमधून ओढत नेणं, त्याला पाण्यापासून जपणं, कार्बन ब्रश बाहेरून मागवणं, हे सगळं फुकटच्या मशीनला महाग पडतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

एका मैत्रिणीच्या भावाचं वाकडला डिटेलिंगचं दुकान आहे. त्याच्याकडचं २१ मिलिमीटर ऑर्बिटचं मशीन दुपारपुरतं मिळालं. बॉनेटच्या सपाट भागावर जादूच. पोर्टर-केबलने घासत बसले होते, ते यात चार-पाच फेऱ्यांत साफ. पण या मशिनांवर बहुधा १५० मिलिमीटरची प्लेट येते. उभारापाशी पॅड दोन्ही बाजूंना टेकलं, मध्ये पोकळी राहिली आणि रेघ थांबली. गाडीपाशी जाऊन, बंद मशीन नुसतं दारावर धरून पाहिलं. बलेनोच्या दारावर खाली खोलगट वळण, हँडलच्या वर अरुंद पट्टी, मागच्या काचेखाली हातभरही सपाट जागा नाही. मोठं पॅड बॉनेट आणि टप सोडून कुठेच पूर्ण टेकत नव्हतं.

त्यानेही तेच सांगितलं: “एसयूव्ही असती तर घ्या म्हणालो असतो.” मोठ्या ऑर्बिटची ही मशिनं इटलीच्या रुपेसने बिगफूट नावाने गाजवली, आणि त्यांच्याकडेही १५ आणि २१ अशी दोन्ही आहेत. १५ची प्लेट १२५ मिलिमीटरची, पॅड त्याहून थोडं मोठं. हॅचबॅकवर तेवढंच बसतं.

रुपेस माझ्या खिशाबाहेरचं. संध्याकाळी १५ मिलिमीटर, १२५ची प्लेट, ९०० वॉट, एम८ आटा असं साधं मशीन ८,२०० ला मागवलं. बोहरी आळीत आठवड्यात चक्कर मारली होती. रोटरी ढिगाने, डीए विचारलं की सँडर पुढे करत होते.

मागवण्याआधी पाहिलेल्या गोष्टी: केबल किमान चार मीटर, स्पीड डायल अंगठ्याला लागेल अशा जागी, सुरुवात हळू करणारा सॉफ्ट स्टार्ट, कार्बन ब्रश बाहेरून बदलता येणं आणि वजन अडीच किलोच्या आत. ९०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर चार अँपिअरला थोडं कमी. सोसायटीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला चालतं. एक्स्टेंशनची वायर मात्र बारीक नको, दीड चौरस मिलिमीटरची घेतली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मशीन आलं. दाब किती म्हणजे किती, हे कळायला घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवला आणि बंद मशीनचं पॅड त्यावर टेकवून काटा पाहत राहिले. मशीनसकट चार-पाच किलो हवेत, आणि ते वाटतं त्याहून बरंच कमी असतं. मी सहज म्हणून टेकवलं तर काटा नऊवर गेला. यात वेळ गेला तो सार्थकी लागला. नंतर दारांवर पॅड थांबायला लागलं की हाताला आपोआप कळत होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टीला जोडून रजा टाकली आणि गुरुवारी वीज जाते हे विसरले. दहा ते चार वीज नाही. मग विजेवाचून होणारी कामं उरकली.

दोन बादल्यांनी धुणं. लोहकण काढणारा स्प्रे मारला, मागच्या दारांवर जांभळे ओघळ आले. ब्रेकची धूळ तिथेच बसते. मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी. साबणाचं पाणी मारत मारत फिरवला, टपावर खरखर शेवटपर्यंत गेली नाही. पाण्याचे जुने ठिपके पातळ व्हिनेगरने निम्मे गेले. क्ले खाली पडला की तो तुकडा फेकायचा, परत उचलून वापरायचा नाही. माझा निम्मा असाच गेला.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका स्नेह्यांकडून रंगाची जाडी मोजणारा गेज आणला. बॉनेट आणि टप ९५ ते ११०. डावं मागचं दार २६०. हे दार कधीतरी रंगवलेलं आहे. गाडी आम्ही पहिल्याच मालकाकडून घेतली आणि त्याने ‘एकही टच-अप नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. असो. बाहेर रंगवलेल्या थराचा भरवसा नसतो, त्या दारावर हात हलका ठेवायचा असं टेपवर लिहून चिकटवलं. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे हा गेज काहीच दाखवत नाही.

१ मार्च, शनिवार

बॉनेटच्या एका कोपऱ्यात दीड फुटाचा चौकोन टेपने आखून चाचणी. नियम एकच: सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात. मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशने चमक वाढली, चरे मात्र खरे गेले नाहीत. मधल्या फोमवर मध्यम पॉलिशने बहुतेक जाळं गेलं, खोल रेघा राहिल्या. मायक्रोफायबर पॅड आणि जास्त घासणाऱ्या कटिंग कंपाउंडने खोल रेघाही धूसर झाल्या, पण मागे दुधट धुकं आलं. ते काढायला दुसरा टप्पा करावा लागला असता.

पुसल्यावर लगेच निकाल लावायचा नाही. पॉलिशमधलं तेल आणि भराव चरे तात्पुरते झाकतात. पाणी मिसळून पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसलं की खरं दिसतं. मऊ पॅडने ‘गेलेले’ निम्मे चरे असे परत उगवले.

मधला फोम आणि मध्यम पॉलिश नक्की. नख अडकेल एवढी खोल रेघ तशीच राहू द्यायची. तिच्या मागे लागलं की क्लिअर कोट संपतो.

२ मार्च, रविवार

बॉनेट आणि टप. सहाला सुरू केलं, साडेनऊला थांबावं लागलं. ऊन पार्किंगच्या तोंडापर्यंत आलं, पत्रा तापला, पॉलिश पसरतानाच वाळून पीठ उडायला लागलं. उपाय: चौकोन दीड फुटाचाच ठेवायचा, पॉलिश वाटाण्याएवढे चारच थेंब, पॅडवर पाण्याचा एक फवारा. जमिनीवर आधी पाणी शिंपडलं, नाहीतर मशीनच्या वाऱ्याने धूळ उडून रंगावरच येते.

पॅड रंगावर टेकवल्यावरच बटण दाबायचं. एकदा हवेत चालू झालं आणि समोरच्या काचेपासून माझ्या चष्म्यापर्यंत शिंतोडे. डायल एकवर ठेवून पसरवायचं, मग चार-पाच. हात सेकंदाला इंचभर, एवढा सावकाश. प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. घाई केली की आडवे-उभे पट्टे अर्धवट राहतात, टॉर्चमध्ये चौकडी दिसते.

८ मार्च, शनिवार

दारं. इथे वजन जाणवलं. अडीच किलो आडवं धरून दंड भरून आले, दर दाराला बसावं लागलं.

एका पॅडचा वेल्क्रो मधून सुटला. पॅड भरून गेलं होतं, मी त्याच पॅडवर दोन दारं काढली आणि वळणावर कडेने दाब दिला. उष्णता मध्यात साठली आणि गोंद मऊ झाला. त्यानंतर दर पॅनेलला पॅड बदललं, दर चौकोनानंतर कोरड्या मायक्रोफायबरवर धरून पुसून घेतलं. मध्ये भोक असलेली पॅड कमी तापतात, पुढच्या वेळी तीच घेणार. काम संपलं की पॅड लगेच काढायचं, गरम असताना प्लेटवर राहिलं तर प्लेटच्या हुकांचीही तीच गत होते.

डाव्या मागच्या दारावर मऊ फोमच लावला. चरे निम्मे राहिले, राहू देत.

९ मार्च, रविवार

बंपर आणि बाकीचे कोपरे. प्लॅस्टिकमधून उष्णता पसरत नाही, त्यामुळे बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतो. हाताची मागची बाजू लावून बघत गेले. खिडक्यांमधले खांब, आरशांची पाठ, मागच्या नंबरप्लेटभोवतीची जागा, इथे साडेपाच इंची पॅड टेकतच नाही. तीन इंची प्लेट याच मशीनला लावली तर थरथर इतकी वाढली की लगेच काढली. आतलं वजन मोठ्या प्लेटच्या हिशेबाने तोललेलं असतं. ती जागा शेवटी हाताने केली, बरी झाली, उत्तम नाही.

रबराच्या बीडिंगवर टेप लावायला एका बाजूला कंटाळा केला होता. पांढरे डाग टूथब्रशने काढण्यात दुपार गेली.

११ मार्च, मंगळवार

रंग जपायला वरून सीलंट लावला. गुरुवारी होळी, शुक्रवारी धुळवड आणि मग रंगपंचमी. सोसायटीतली मुलं पार्किंगमध्येच खेळतात.

२२ मार्च, शनिवार

हिशेब. मशीन ८,२००. पॅड २,५००. पॉलिश आणि कंपाउंड १,६५०. क्ले आणि लोहकणांचा स्प्रे १,१००. मायक्रोफायबर ९००, सीलंट ८५०, अल्कोहोल २६०, टेप २४०. हे झाले १५,७००. वाया किंवा आडवाटेला गेलेले: ट्रान्सफॉर्मर २,४००, चुकलेली प्लेट ९००, सरावाचं बॉनेट ५००. एकूण १९,५००, म्हणजे बाहेरच्या रबिंगच्या अडीचपट. एकाच गाडीसाठी, एकदाच करायचं असेल तर मशीन घेऊ नका. भावजयीची गाडी रांगेत उभी आहे, म्हणून माझा हिशेब जमतो.

बॉनेटचा पैसा मात्र वायफळ धरत नाही. रंगलेल्या, वाकलेल्या पत्र्यावर आधी एक दुपार घालवा, मग मशीन निवडा. ट्रान्सफॉर्मर कुणाला हवा असेल तर निम्म्यात देईन.

रंगपंचमीचा गुलाबी रंग टपावर उडाला होता, पाण्याने निघाला. दादांना दोन मायक्रोफायबर आणि वेगळी बादली दिली. पहिले चार दिवस वापरली, मग परत तेच फडकं. आता त्यांना गाडी पुसायचीच नाही असं सांगितलंय, महिन्याचे पैसे चालू ठेवून. उन्हात बॉनेट बघितलं, उजव्या फेंडरजवळ दोन नवे चरे आहेत.